कुरेलेकच्या हिवाळ्याकडून शिकताना: प्रेअरीवरचा बर्फ कसा रंगवावा

माझं बर्फाचं पहिलं चित्र मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिने चष्मा वरखाली करून पाहिलं आणि विचारलं, "हे मिठागर का गं?" आई पेणची. पांढरी जमीन म्हटली की तिला मिठाच्या राशीच आठवणार. मला राग आला, पण कॉल संपल्यावर चित्र पुन्हा पाहिलं तर चूक तिची नव्हती. वर निळंशार आकाश, खाली चुन्यासारखी पांढरी जमीन, मधोमध एक लाल कोठार, आणि माणूस एकही नाही. कॅनडाच्या प्रेअरीवर, म्हणजे सपाट गवताळ मैदानी मुलखात, विनिपेग शहरात चार हिवाळे काढूनही मी कॅलेंडरवरचाच बर्फ काढला होता.

त्यानंतर मी विल्यम कुरेलेक या कॅनेडियन चित्रकाराची चित्रं नीट बघायला लागले. पुढे जे लिहिलंय ते त्या बघण्यातून आणि नंतर वाया घालवलेल्या सात-आठ बोर्डांतून आलं आहे. बोर्ड विकत आणण्यापासून चौकटीपर्यंत सगळं सांगते. तुम्ही कॅनडात असा किंवा कोल्हापुरात, सामान दोन्हीकडे मिळतं.

आधी माणूस थोडक्यात. कुरेलेक १९२७ साली अल्बर्टातल्या व्हिटफर्डजवळ एका युक्रेनी शेतकरी घरात जन्मला. सात भावंडांत थोरला. वडील पूर्व युरोपातल्या बुकोविना भागातून आलेले, कष्टाळू आणि कडक. मंदीत गव्हाची शेती परवडेना, तेव्हा १९३४ साली हे कुटुंब मॅनिटोबा प्रांतात स्टोनवॉल गावाजवळ आलं. विनिपेगपासून उत्तरेला साधारण ३० किलोमीटर, दलदलीच्या काठची अगदी सपाट जमीन. तिथे दुभती जनावरं, गोठा, शाळेची पायपीट असं बालपण गेलं. शेतीच्या कामात मुलगा हळवा आणि धांदरट, त्यामुळे वडिलांची बोलणी रोजची. पुढे तो लंडनला गेला, मनाच्या आजारासाठी तिथल्या इस्पितळांत राहिला, चित्रांच्या चौकटी करण्याचं काम शिकला आणि टोरांटोला परतला. १९६० साली तिथे त्याचं पहिलं प्रदर्शन झालं. लहानपणीच्या हिवाळ्याची वीस चित्रं असलेलं त्याचं मुलांचं पुस्तक १९७३ साली आलं आणि चारच वर्षांनी, पन्नाशीत, तो गेला. म्हणजे ही चित्रं स्टोनवॉलच्या शेतावर बसून काढलेली नाहीत. चाळीस वर्षांनी, शहरात, आठवणीतून काढलेली आहेत. आपल्यालाही तेच करायचं आहे.

ब्रश हातात घेण्याआधी: काम निवडा

कुरेलेकच्या हिवाळ्यात नुसता देखावा सहसा नसतो. गाईंना पाणी पाजायचं असतं, सरपण आणायचं असतं, पोरं बर्फात खेळत असतात, कुणीतरी शाळेला निघालेलं असतं. बर्फ हे त्या कामातलं विघ्न असतं किंवा त्या खेळाचं मैदान. म्हणून "मला बर्फाळ संध्याकाळ काढायची आहे" असं म्हणून बसू नका. "एक मुलगा दोन बादल्या घेऊन विहिरीपासून गोठ्यापर्यंत चालला आहे" असं एक वाक्य कागदावर लिहा. वाक्यात क्रियापद नसेल तर चित्र मिठागराकडे जाणार, असं समजा.

माझं स्वतःचं बर्फातलं बालपण नाही, म्हणून मी शेजारच्या आजोबांना धरलं. तेही युक्रेनी घरातले आणि शेतावर वाढलेले. "हिवाळा कसा असायचा?" असं विचारलं तर ते "थंड" म्हणून गप्प बसले. मग प्रश्न बदलले. बादली कशाची होती? हातमोजे हरवायचे का? गोठ्यात शिरल्यावर पहिल्यांदा काय जाणवायचं? तेव्हा गाडी सुरू झाली. पत्र्याची बादली, हिंदकळलेलं पाणी पायजम्यावर पडून गुडघ्याला कडक व्हायचं. मोजे दोरीने जोडून दोरी कोटाच्या बाह्यांतून आत घातलेली, म्हणजे हरवणार नाहीत. गोठ्याचं दार उघडलं की वाफेचा लोट बाहेर यायचा आणि चष्मा असलेला माणूस क्षणभर आंधळा व्हायचा. कुणाच्याही आठवणीतून चित्र काढायचं असेल तर असे हातापायांचे प्रश्न विचारा. ऐकलेलं लगेच, ओबडधोबड रेघांत का होईना, वहीत काढून ठेवा. फोटो नंतर बघा. आधी फोटो पाहिला की आठवण त्याच्या मापाची होते.

बोर्ड

कुरेलेक कॅनव्हासऐवजी बहुतेकदा हार्डबोर्डवर रंगवायचा. त्यावर जेसोचा, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा, थर, मग तैलरंग, आणि वरून पेन, रंगीत पेन्सिली, खरवडणं असं सगळं. कॅनव्हासवर पेन्सिल दाबली तर तो खाली दबतो. बोर्ड दबत नाही, म्हणून हा प्रकार तिथेच जमतो.

प्लायवुडच्या दुकानात तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड मागा आणि सोळा बाय वीस इंचांचे तुकडे तिथेच कापून घ्या. एक बाजू गुळगुळीत असते, दुसरीवर जाळी असते. गुळगुळीत बाजूला २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. मग जेसोचे तीन पातळ थर: एक आडवा, तो वाळल्यावर एक उभा, मग पुन्हा आडवा. मागच्या बाजूलाही एक थर हवाच, नाहीतर बोर्ड पापडासारखा वाकतो. कोकणात पावसाळ्यात हे काम काढू नका. कडांनी ओल धरली की बोर्ड फुगतो आणि तो परत बसत नाही. शेवटचा थर वाळल्यावर पुन्हा पॉलिश पेपर, पण आरशासारखं गुळगुळीत करू नका. पेन्सिलीला पकडायला थोडा खरखरीतपणा लागतो.

आता महत्त्वाचं. पांढऱ्या बोर्डावर बर्फ रंगवायला घेऊ नका. काळपट निळा आणि पिवळी माती यांचं पातळ राखाडी मिश्रण सगळ्या बोर्डावर पुसून घ्या. ओल्या सिमेंटइतकं गडद चालेल.

क्षितिज आणि एक-पंचमांशचा हिशोब

हा भाग सावकाश वाचा, कारण प्रेअरीचं चित्र बहुधा इथेच फसतं.

दक्षिण मॅनिटोबाची जमीन म्हणजे हिमयुगानंतरच्या अगासिझ नावाच्या अवाढव्य तळ्याचा तळ. परातीसारखी सपाट. त्यावर सरकारी मोजणीने एक मैल बाय एक मैल असे चौकोन पाडलेले, प्रत्येकी ६४० एकर. रस्ते, कुंपणं, झाडांच्या ओळी, सगळं त्या चौकोनांना धरून चालतं. डोंगर नाही, वळण नाही. मग चित्रात खोली आणायची कशी? आपल्याकडच्या सवयीने आपण मागे एखादी टेकडी टाकून देतो. इथे ते चालत नाही.

माझ्या पाहण्यातल्या कुरेलेकच्या चित्रांत क्षितिज एकतर बरंच वर असतं किंवा अगदी खाली. खाली असलं की आकाश राज्य करतं आणि माणूस मुंगीएवढा होतो. वर असलं की आपण गोठ्याच्या माळ्यावरून खाली बघतोय असं वाटतं आणि जमिनीवरचा सगळा कारभार पसरून दिसतो. सुरुवातीला वरचं घ्या. सोळा इंच उंचीच्या बोर्डावर वरून चार इंचांवर पट्टीने आडवी रेघ मारा. हो, पट्टीनेच.

समजा तुम्ही जमिनीपासून सहा मीटरवर, माळ्याच्या दारात आहात. मुलाची उंची १.२ मीटर, म्हणजे तुमच्या डोळ्याच्या उंचीच्या एक-पंचमांश. जमीन सपाट असेल तर चित्रात कुठेही उभा असलेला मुलगा त्याच्या पायांपासून क्षितिजापर्यंतच्या अंतराच्या एक-पंचमांश उंच दिसतो. पाय क्षितिजाखाली दहा इंचांवर असतील तर मुलगा दोन इंच. पाच इंचांवर असतील तर एक इंच. एक इंचावर असतील तर तांदळाच्या दाण्याएवढा. थंडीत मान आखडलेला मोठा माणूस दीड मीटरच्या आसपास धरा, म्हणजे एक-चतुर्थांश. कुंपणाचे खांब, गाई, टेलिफोनचे खांब, सगळ्यांना हेच गणित लावा. डोंगराळ मुलखात हे सूत्र कोसळतं, इथे चोख लागू पडतं. मी कागदाच्या पट्टीवर पाच सारखे भाग करून घेतले आहेत आणि प्रत्येक आकृती त्यावर तपासते. चित्रकलेच्या शिक्षकांना हे यांत्रिक वाटेल. वाटू दे. प्रमाण चुकलं की सपाट जमीन लगेच उताराची दिसते.

खेळाचं चित्र काढायचं असेल तर कोल्हा आणि बदकं घ्या. ताज्या बर्फात पायांनी तुडवून मोठं चाक आखायचं, त्याला आरे पाडायचे, आणि पळायचं ते फक्त त्या वाटांवरून. कोल्ह्याने पकडलं की तुम्ही कोल्हा. आट्यापाट्या खेळलेल्या माणसाला वेगळं समजवायला नको. हे चाक वरून बघताना गोल दिसत नाही, आडवं चेपलेलं दिसतं. आधी हलकासा चौकोन त्याच दृष्टिकोनातून आखून त्यात चाक बसवा. तुडवलेल्या वाटेची एक कड उजळ आणि दुसरी निळसर ठेवली की वाट खोल दिसते.

सूर्य कुठे आहे

विनिपेग जवळजवळ ५० अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश वर येतो. त्याच दिवशी पुण्यात तो अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. पुण्यात दुपारी तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा थोडी कमी पडते, इथे ती उंचीच्या सव्वातीनपट असते, आणि ही सगळ्यात आखूड सावली. सूर्य उगवतो सव्वाआठनंतर, बुडतो साडेचारला. नऊच्या शाळेला निघालेल्या पोरांच्या सावल्या तर शेत ओलांडून जातात.

चित्रात याचा अर्थ साधा आहे. सूर्य उजवीकडे बाजूला धरा, म्हणजे दोन इंचांच्या मुलाची सावली डावीकडे साडेसहा इंच आडवी जाईल. एवढी लांब सावली काढायला हात धजावत नाही, मोजून काढा. माझ्या मिठागरात सावल्या आपल्या मेमधल्यासारख्या पायापाशी गोळा झालेल्या होत्या. आईला मीठ दिसलं ते त्यामुळेच.

कडाक्याची थंडी दाखवायची सोपी खूण म्हणजे धूर. वारा पडलेला आणि पारा खूप खाली असला की चुलीचा धूर सरळ काठीसारखा वर चढतो. वारा असेल तर तो छपरावरून आडवा लोळतो आणि जमिनीवरचा भुरभुरीत बर्फही त्याच दिशेने सरकतो. दोन्ही एकाच चित्रात घालू नका. हवेत बारीक हिमकण तरंगत असतील तर सूर्याला खळं पडतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, बावीस अंशांवर, दोन तेजस्वी ठिपके दिसतात. दिसायला फार सुंदर, पण चित्रात घातले की बघणारा तेवढंच बघतो.

रंग: पांढरा सगळ्यात शेवटी

कुरेलेक तैलरंग वापरायचा. तुम्ही पहिल्या दोन-तीन बोर्डांना अॅक्रिलिक घ्या. लवकर वाळतं आणि वरून पेन्सिल चांगली धरतं. सहा नळ्या पुरतात: अल्ट्रामरीन निळा, फिकट आकाशी निळा, पिवळी माती, भाजलेली माती, थोडा किरमिजी, आणि पांढरा. काळा घेऊच नका.

आकाश आधी. क्षितिजाजवळ पांढऱ्यात पिवळ्या मातीचा आणि किरमिजीचा अगदी कणभर अंश, वर जाताना फिकट आकाशी, अगदी वर थोडा अल्ट्रामरीन. महाराष्ट्रातल्या हिवाळ्यातलं गडद निळं आकाश विसरा. कुरेलेकला सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार ब्रॉयगेल फार जवळचा वाटायचा. ब्रॉयगेलचं १५६५ सालचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र, जे व्हिएन्नात आहे, ते मोठं करून बघा. त्यात आकाश आणि गोठलेली तळी एकाच हिरवट-राखाडी रंगाची आहेत, आणि थंडी तिथूनच येते.

मग जमीन. सावलीतला बर्फ आधी रंगवा: पांढरा, अल्ट्रामरीन आणि भाजलेल्या मातीचा थेंब. सावल्यांवर सूर्य पडत नाही, निळं आकाश पडतं, म्हणून त्या निळसर असतात. नंतर उन्हातला बर्फ: पांढऱ्यात पिवळ्या मातीचा टाचणीच्या डोक्याएवढा रंग. ब्रश आडवा फिरवा, कारण वाऱ्याने बर्फावर लाटांसारख्या आडव्या धारा पाडलेल्या असतात. मध्येमध्ये खालचा राखाडी रंग डोकावू द्या. आता कोरा छपाईचा कागद चित्राशेजारी धरा. तुमचा बर्फ कागदापेक्षा गडद दिसला पाहिजे. नसेल तर सगळ्यावर पातळ निळसर हात फिरवा. नळीतला शुद्ध पांढरा फक्त तीन-चार ठिकाणी, तोही शेवटच्या दिवशी: बादलीच्या काठावर, छपराच्या कडेला, एखाद्या ढिगाऱ्याच्या माथ्यावर.

ढगाळ दिवसाचं चित्र सोपं वाटतं, पण अवघड जातं. सावल्या नसतात, आकाश आणि जमीन एकमेकांत मिसळतात आणि क्षितिज हरवतं. ते चौथ्या-पाचव्या बोर्डासाठी ठेवा.

माणसं

कुरेलेकची माणसं सुबक नसतात. जाड कपड्यांत गुंडाळलेली, ठेंगणी, खांदे वर चढलेली. तशीच काढा. थंडीत माणूस ताठ उभा राहत नाही, मान कोटात घालतो. जड बादली एका हातात असेल तर शरीर दुसऱ्या बाजूला कलतं आणि रिकामा हात पंखासारखा बाहेर जातो. चेहऱ्यावर वेळ घालवू नका, दोन इंचांच्या माणसाला एक ठिपका पुरतो. वेळ घालवा तो पावलांवर: मऊ बर्फात पाय गुडघ्यापर्यंत जातो, तुडवलेल्या वाटेवर नाही. गोठ्याच्या दारापुढे पेंढा सांडलेला, शेणाच्या ढिगावर वाफ, दारातून बाहेर आलेला पिवळा उजेड. प्रेअरीवरच्या बर्फाला असा मळका भाग असतो, आणि चित्र तिथेच जिवंत होतं.

बादलीवाल्या मुलाचं चित्र मी आईला पुन्हा दाखवलं. तिने मिठाचं नाव काढलं नाही. थोडा वेळ बघून म्हणाली, "त्याचा दुसरा हात कुठे गेला?" मी तो कोटाच्या मागे लपवला होता, कारण मला हात काढता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी काढला.

पेन, पेन्सिल आणि ब्लेड

रंग पूर्ण वाळल्यावर हा शेवटचा टप्पा. कुरेलेक बॉलपेनने बाह्यरेषा काढायचा. तुम्ही साधं बॉलपेन वापरू नका, त्याची शाई उजेडात फिकी पडते. पिगमेंट शाईचं बारीक पेन घ्या. रेघ सगळीकडे सारखी नको: जवळच्या बुटांना ठळक, दूरच्या कुंपणाला तुटक, क्षितिजापाशी अजिबात नाही.

रंगीत पेन्सिली कपड्यांच्या लोकरीला, लाकडाच्या शिरांना आणि गाईच्या पाठीवरच्या केसांना. बर्फावर निळ्या आणि फिकट जांभळ्या पेन्सिलीचे आडवे हलके फटकारे मारले की पृष्ठभाग दाणेदार होतो. मग ब्लेडच्या टोकाने खरवडा. बर्फातून वर आलेलं वाळकं गवत आधी गडद रंगवून त्यातल्या उजळ काड्या खरवडून काढायच्या, म्हणजे त्या खऱ्याखुऱ्या टोकदार दिसतात. ब्लेड जेसोपर्यंत जाऊ द्या, बोर्डापर्यंत नको. तपकिरी दिसलं की थांबा.

टूथब्रशने पांढरा रंग उडवून पडता बर्फ दाखवायचा मोह प्रत्येकाला होतो. मी त्यापायी दोन चांगली चित्रं घालवली. शेवटी मॅट वार्निशचा फवारा दोनदा, चित्र आडवं ठेवून, खिडक्या उघड्या ठेवून.

चौकट

कुरेलेक टोरांटोतही सुरुवातीला चौकटी करूनच पोट भरायचा आणि स्वतःच्या चित्रांच्या चौकटी अनेकदा स्वतः करायचा. या बाबतीत तरी त्याचं ऐकावं. सोनेरी नक्षीची तयार चौकट असल्या चित्राला लग्नातल्या शेरवानीसारखी दिसते. जुन्या लाकडाची रुंद, सपाट पट्टी घ्या, रंग देऊ नका, जवसाचं तेल पुसा.

एक सूचना: लाकूड बाहेरून आणून लगेच कापू नका. मी शेजारच्या आजोबांनी दिलेल्या जुन्या कुंपणाच्या फळ्या जानेवारीत आणल्या आणि त्याच संध्याकाळी कोपरे जोडले. इथे हिवाळ्यात घरातली हवा हीटरने इतकी कोरडी असते की दहा दिवसांत लाकूड आकसलं आणि एका कोपऱ्यात काडेपेटीची काडी जाईल एवढी फट पडली. फळ्या निदान तीन आठवडे त्याच खोलीत पडू द्यायला हव्या होत्या.

आजोबा चित्र बघायला आले तेव्हा त्यांनी बादलीवाल्या मुलाकडे पाहिलं, मग त्या फटीत नख घातलं. म्हणाले, आमच्या गोठ्याच्या दारालाही अशीच फट होती, वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यातून आत बर्फाची सरळ रेघ पडलेली असायची, गाईंच्या पायांपर्यंत. ती रेघ पुढच्या चित्रात घेतली आहे. चौकट दुरुस्त करायची अजून राहिली आहे.